आशाचं फोल्डर

बाणावर क्लिक केलं, फांदी उघडली आणि आत मी होते. म्हणजे माझं नाव होतं: नूतन ३. दुपारचे अडीच वाजले होते, खांडबाऱ्याच्या स्टेशनातून मालगाडी चालली होती आणि स्टुडिओतल्या फ्रेमांच्या काचा नेहमीसारख्या थरथरत होत्या. घाबरण्यासारखं काही नव्हतं. बापूंच्या कॉम्प्युटरवर माझे फोटो असणारच. एकुलती एक मुलगी मी, आणि बाप फोटोग्राफर. पण त्या नावाच्या वर जे फोल्डर होतं त्याचं नाव 'कच्चा', त्याच्या वर 'आशा दलपत', त्याच्या वर 'खांडबारा', आणि सगळ्यांच्या वर 'मयत'. मी आधी मान वळवून मागे पाहिलं. का पाहिलं ते मला विचारू नका. मागे निळ्या आभाळाचा पडदा होता, ज्याच्यासमोर या भागातल्या निम्म्या लोकांनी ताठ बसून फोटो काढून घेतलेत. पडद्यापुढे स्टूल होतं. स्टुलावर कोणी नव्हतं.

नीट पहिल्यापासून सांगते, नाहीतर पोरीचं डोकं फिरलं असं वाटेल. मी पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते, जावास्क्रिप्ट लिहिते. दोन वर्षांपूर्वी बापू गेले, माय एकटी पडली, म्हणून परत आले. नेटवर्क फक्त पुढच्या स्टुडिओत नीट येतं म्हणून टेबल तिथेच टाकलं. लोकांना वाटतं दुकान चालू आहे. पासपोर्ट फोटो काढायला आत येतात आणि मी काढून देते, कारण नाही म्हणायचाही कंटाळा येतो. बापू, म्हणजे हेमराज फोटोवाले, शहाद्याकडच्या ब्राह्मणपुरीचे. केळी-उसाच्या घरातला हा एकच माणूस कॅमेऱ्याच्या नादी लागून इकडे डोंगराच्या कडेला येऊन बसला. कॉम्प्युटर आल्यापासून काढलेलं सगळं त्यांनी एका डिस्कवर ठेवलं होतं. ती डिस्क या उन्हाळ्यात कट कट वाजायला लागली. आणि इथे मी जी चूक केली ती माझ्या धंद्यातलं माणूसच करू जाणे. दुसऱ्या कोणीही आधी फोटो वाचवले असते. मी आधी यादी काढली. कुठे काय आहे ते कळलं की नीट लावून कॉपी करता येईल, हे माझं शहाणपण. कमांड दिली, डिस्क तीन मिनिटं घरघरली आणि एक्केचाळीस हजार आठशे बारा ओळींची फाइल तयार झाली. मग कॉपी लावली, तर निवडणुकीची बॅनरं आणि वाढदिवसाची पोस्टरं तेवढी आली आणि डिस्क गप्प झाली. सुरतेच्या डिस्क दुरुस्त करणाऱ्या माणसाने दोनदा उघडून पाहिली आणि परत पाठवली. आता माझ्याकडे लोकांचा एकही फोटो नाही आणि प्रत्येक फोटोचा पत्ता आहे. डिस्कने शेवटचा दम यादी देण्यात घालवला, आणि तो मी घालवायला लावला. हे मी मायलाही सांगितलं नव्हतं.

मग एका बाजाराच्या दिवशी मंगळीबाई आली. ही पाड्यावरची बाई, खांडबाऱ्यापासून दीड-दोन तास चालत. घरी इकडच्या डोंगरातल्या आदिवासींची कोकणी बोलते, बाजारात सगळ्यांसारखी अहिराणी. तिला मी लहानपणापासून ओळखते; म्हणजे ती येते, पायरीवर बसते, माझ्याकडे पाहते आणि जाते, एवढीच ओळख. या वेळी तिने पिशवीतून फ्रेम काढली. घराचं एक कौल सरकलं होतं, भिंतीवरून पाणी उतरलं होतं आणि काचेच्या आत फोटोचा नुसता तपकिरी लगदा उरला होता. कडेला निळं आभाळ तेवढं ओळखू येत होतं. "नूतनबेन, मन्ही आशाना फोटो पाणीमा गया," ती म्हणाली. "दुसरा काढी दे. तुन्हा बापना कॉम्प्युटरमा व्हई." आशा तिची मुलगी. मंगळीबाई आणि तिचा नवरा दलपत ऊसतोडीला गुजरातेत गेले होते, तिथे तापाने गेली, नऊ वर्षांची. एकोणीस वर्षं झाली. आता या बाईला मी काय सांगणार होते? की तुझ्या पोरीचा फोटो होता, मी यादी करण्यात घालवला? मी म्हणाले, "मावशी, पुढला बाजारले ये. मी देखसू." तिने मान डोलवली, पिशवीतून एक काकडी काढून माझ्या हातात दिली आणि बसून राहिली. मी एक तुकडा मोडून खाल्ला. मग ती उठली.

उरलेली काकडी मी नेहमीसारखी मागच्या दारी टाकली. पण डोक्यात एक गोष्ट चालू झाली होती. मयताच्या फोटोंची बापूंची एक पद्धत होती, आणि ती मला पाठ होती. इकडे पूर्वी फोटो कोण काढून ठेवायचं? माणूस गेला की घरचे यायचे, भिंतीवर लावायला फोटो पाहिजे म्हणायचे. मग बापू विचारायचे, कोणाच्या लग्नाला गेला होता का, कुठे गर्दीत उभा होता का. त्या लग्नाच्या फोटोतून ते चेहरा उचलायचे, मोठा करायचे, खाली स्टुडिओतला कोट किंवा साडी लावायचे, मागे निळं आभाळ. प्रत्येक मयताचं एक फोल्डर. त्यात 'कच्चा' म्हणजे ज्यातून चेहरा घेतला तो फोटो, आणि 'पक्का' म्हणजे भिंतीवर गेलेला. तेव्हा आशाच्या 'कच्चा'मध्ये ज्या लग्नाचं नाव असेल त्या घरी जायचं, त्यांचा अल्बम मागायचा, मोबाईलवर फोटो घ्यायचा आणि मी बसून नवा पक्का करायचा. झालं काम. मला इतकं हलकं वाटलं की मी स्वतःशी गाणं म्हणत कामाला बसले.

आता एक्केचाळीस हजार ओळी डोळ्यांनी कोण वाचणार? प्रत्येक ओळ म्हणजे एक लांब शेपूट: डिस्क, तिरपी रेघ, फोल्डर, तिरपी रेघ, आतलं फोल्डर, आणि टोकाला फोटोचं नाव. सगळ्या ओळी सपाट, एकाखाली एक. कोण कोणाच्या पोटात आहे ते दिसत नाही. नुसतं नाव शोधावं तर आशा पावणेतीनशे निघाल्या, बापूंनी निम्म्या ठिकाणी चुकीच्या लिहिलेल्या. म्हणून फोल्डरांचं झाड करायचं ठरवलं. काम अवघड नाही, पहिल्या वर्षाच्या पोरांना देतात. ओळ तिरप्या रेघेवर तोडायची. पहिला तुकडा घ्यायचा. त्या नावाचं घर आधी बांधलेलं असेल तर आत शिरायचं, नसेल तर बांधायचं आणि आत शिरायचं. मग दुसरा तुकडा. ओळ संपली की बाहेर येऊन पुन्हा दारापासून सुरुवात. हे बाहेर येणं मी पहिल्यांदा विसरले. एक ओळ कमी लिहिली गेली, आणि प्रोग्राम प्रत्येक नवी ओळ आधीच्या ओळीच्या पोटात बांधत गेला. ब्राउझरमध्ये उघडून पाहते तर लग्नाच्या आत बारसं, बारशाच्या आत मयत, मयताच्या आत शाळेचं गॅदरिंग, सगळा जिल्हा एकात एक शिरत स्क्रीनच्या उजव्या कडेबाहेर निघून गेलेला. मी एकटीच हसले. चूक दुरुस्त केली, झाड सरळ उभं राहिलं. प्रत्येक फोल्डरापुढे छोटा बाण, दाबला की उघडतो, पुन्हा दाबला की मिटतो. लग्न, शाळा, बाजार, मयत. मी मयत उघडलं, खांडबारा उघडलं, एकशे चार माणसं खाली उतरली. त्यात आशा दलपत. त्यात कच्चा. आणि त्यात मी.

पहिला विचार आला तो हाच, की जुनी चूक परत आली. माझ्या कुठल्या तरी फोल्डरातली ओळ घसरून हिच्या पोटात बांधली गेली. मी प्रोग्राम पुन्हा वाचला, एकेक ओळ बोट ठेवून. तो बरोबर होता. मग मूळ यादी उघडली, जिच्यावर माझा हात फिरलेला नव्हता, आणि ओळ शोधली. सव्वीस हजार तीनशे नव्वद. मयत, खांडबारा, आशा दलपत, कच्चा, नूतन ३. बापूंनीच ठेवलेलं. त्याच्या खालची ओळ पक्का, आशा फ्रेम. मधे दुसरं काही नाही, कुठलं लग्न नाही, कुठली गर्दी नाही. तेवढ्यात लाइट गेली, पंखा हळूहळू थांबला आणि मला कपाळावर अंगठा जाणवला. ओला अंगठा. मला वाटलं घाम असेल, म्हणून मी हात लावून पाहिला, तर कपाळ कोरडं होतं.

त्या अंगठ्याची आठवण माझ्याकडे होतीच, फक्त तिला कुठे ठेवायचं ते माहीत नव्हतं. मी चौथीत असेन. शाळेतून येऊन पायरीवर बसून पाढे लिहीत होते. आत एक बाई आणि एक माणूस उभे होते, बापू त्यांच्याशी हळू बोलत होते. लग्न, गर्दी, असे शब्द येत होते आणि माणूस प्रत्येकाला नाही म्हणत होता. मी वर पाहिलं तर बाई माझ्याकडे बघत होती. ती येऊन माझ्यासमोर उकिडवी बसली, माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला, आणि बापूंकडे पाहून काहीतरी म्हणाली. तिच्या हाताला उसाच्या पाचटाचा वास होता. ते दोघे गेल्यावर बापूंनी मला स्टुलावर बसवलं. नवे दिवे आणलेत, टेस्ट घ्यायची, म्हणाले. वेणीच्या रिबिनी सोडल्या. मग स्वतःचा अंगठा जिभेला लावून माझ्या कपाळावरची टिकली काढली आणि खूण राहू नये म्हणून तिथे घासत राहिले. "हासू नको," ते म्हणाले. बापू कोणालाच असं म्हणत नसत. त्यांचं आख्खं आयुष्य लोकांना हसा हसा म्हणण्यात गेलं. मी हसले नाही. तीनदा दिवा चमकला. लगेच त्यांनी टिकली परत लावली, इतकी दाबून की डोकं मागे गेलं. त्या संध्याकाळी मायने माझी मीठ-मिरचीने दृष्ट काढली, आणि मी का म्हणून विचारलं तर गप्प बस म्हणाली. तो टेस्टचा फोटो मला कोणी कधी दाखवला नाही, आणि मी मागितला नाही.

म्हणजे दोन तासांच्या वाटेवर एका घरात मी एकोणीस वर्षं हार घालून बसले होते. मी पाचवीत गेले, दहावी झाले, नाशिकला शिकले, एका मुलावर प्रेम करून पस्तावले, आणि ती तिथे नऊ वर्षांची, बिनटिकलीची, न हसणारी. त्या घरी ऊद फिरवला असेल तो माझ्यासमोर. रडले असतील ते माझ्याकडे पाहून. मला राग आला बापूंचा. त्यांनी त्या बाईला काय सांगितलं असेल? सापडली एका गर्दीत तुमची पोर, असंच. आणि ती साधी बाई विश्वास ठेवून बसली. रागाच्या खाली मात्र दुसरं काहीतरी हलत होतं, आणि ते काकडीचं होतं. मला आठवायला लागलं की मंगळीबाई कधी रिकाम्या हाताने आली नाही. पहिली काकडी, पहिलं सीताफळ, पहिली चिंच, भात निघाला की नव्या तांदळाची भाकर. मोसमात एकदाच, आणि पहिलंच. मी एक घास खाल्ला की ती उठायची. खाल्ल्याशिवाय कधी उठली नाही. इकडे डोंगरात नवाईची रीत आहे. शेतात आलेलं नवं आधी गेलेल्या माणसांपुढे ठेवायचं, त्यांनी घेतलं की मग घरच्यांनी तोंडात घालायचं. हे मला लहानपणापासून माहीत होतं. ते माझ्यापुढे ठेवलं जात होतं, हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं एक घास खाऊन बाकीचं मी मागच्या दारी फेकत आले होते.

मायला विचारलं तेव्हा ती भाजी निवडत होती. माय, शांतीबाई तिचं नाव, आवाज चढवणारी बाई नाही. सगळं ऐकून घेतलं, डिस्कचंही, आणि म्हणाली, "तुन्हा बापले मी तवयच सांगं व्हतं, जित्ती पोरना फोटोले हार नको. ऐकं नही त्यानी." मग पुढची जुडी हातात घेऊन, "आते फोटो ऱ्हायना नही ना? चांगलं झायं. तिले सांगी दे, नही शे म्हन. सुटनी तू." मी म्हणाले, आणि तिची पोर? तिच्याकडे मग काहीच राहत नाही. माय म्हणाली, "तिनी पोर तं तो फोटोमा कधी व्हतीच नही." हे खरं होतं. आठ दिवस मी तेच घोकलं. खरं सांगितलं तर त्या बाईची पोर दुसऱ्यांदा जाते, आणि या वेळी माझ्या हातून. खोटं सांगायचं तर द्यायला फोटो लागतो, आणि तो जगात कुठेही नाही. मी रोज झाड उघडायची, मयत, खांडबारा, आशा दलपत, कच्चा, आणि तिथे जाऊन थांबायची. नावावर क्लिक केलं तर काहीच होत नव्हतं. काही होईल असं मी लिहिलंच नव्हतं, तरी मी करून पाहायची. एकदा मला वाटलं की बाण मी मिटवला होता आणि तो उघडाच आहे. मीच विसरले असणार. पण त्या दिवसापासून मी स्टुडिओचा आरसा आहे त्या बाजूला पाठ करून बसायला लागले.

बाजाराच्या दिवशी ती अकराला आली. पायरीवर न बसता आत आली, चपला बाहेर काढून. माय मधल्या दारात उभी होती, मला दिसत होती. मी ठरवलेलं सगळं एका दमात बोलले, प्रमाण मराठीत, ऑफिसात बोलतात तसं, कारण अहिराणीत ते तोंडातून निघेना. डिस्क खराब झाली, चूक माझी, फोटो राहिला नाही. आणि मावशी, आणखी एक गोष्ट आहे, बापूंनी तुम्हाला सांगितली नसेल, तो फोटो—

"माले ठाऊक शे," मंगळीबाई म्हणाली.

ती स्टुलावर टेकली आणि गुडघे चोळत, कोणाला भाव सांगावा तसं सांगायला लागली. तिकडे उसात पोर गेली, तिकडेच माती दिली, कोणी फोटो काढलेला नव्हता. इकडे येईपर्यंत महिना झाला आणि पोरीचं तोंड डोळ्यांपुढून पुसट व्हायला लागलं. नाक आठवायचं तर डोळे जायचे. "मी आठे उनू तं तू बशेल व्हती पायरीवर. मीच तुन्हा बापले सांगं, अशी व्हती, हिनाच काढ. तो नही नही म्हने. मी त्याना पाय धरात." मग माझ्याकडे पाहून, "ती तुन्हासारखी नही व्हती पोरी. काळी व्हती, बारीक व्हती. पन आते माले तीच दिखस. तूच."

मायने दारातून विचारलं, मग आता काय करायचं म्हणता. तिचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. मंगळीबाईने तिच्याकडे पाहिलंही नाही. "जुना गया, जाऊ दे," ती मला म्हणाली. "तो नऊ वरीसना व्हता. कितला दिन ती नऊ वरीसनीच ऱ्हाई? तिन्या बरोबरन्या पोरीसले लेकरं झायात. आते ती तुन्हाइतली ऱ्हाती. मोठी काढ." आणि स्टुलावरून उठून तिने ते पदराने पुसलं.

मला नाही म्हणता आलं असतं. माय दारात मान हलवत होती, नाही म्हण, नाही म्हण. मी कॅमेरा तिकाटण्यावर लावला, दहा सेकंदांचं टायमर लावलं. आरशापाशी गेले, इतक्या दिवसांनी, कपाळावरची टिकली काढली आणि काचेला चिकटवली. अंगठा जिभेला लावून खूण पुसली. स्टुलावर बसले, मागे निळं आभाळ. लाल दिवा मिणमिणायला लागला आणि माझं तोंड आपोआप तसंच झालं, त्या दिवसासारखं, ओठ मिटलेले. मंगळीबाई कॅमेऱ्याशेजारी उभी होती. "हास थोडं," ती म्हणाली. "तुन्हा बापनी तवय हासू नही दिधं. ती हासे."

मी हसले. प्रिंटरमधून कागद हळूहळू बाहेर आला, आधी आभाळ, मग केस, मग कोरं कपाळ. तिने तो हातात धरून लांब केला, जवळ केला, आणि एकदाही माझ्याकडे पाहून ताडून पाहिला नाही. मीच पाहत होते. फोटोतली बाई माझ्यासारखी दिसत होती, पण रस्त्यात दिसली असती तर मी ओळख दिली नसती. मग मंगळीबाईने फोटो पिशवीत ठेवला आणि त्याच पिशवीतून मक्याचं कणीस काढलं, भाजलेलं, वर्षातलं पहिलं. माझ्या हातात दिलं आणि स्टुलावर बसून राहिली. माय आत निघून गेली होती. मी दाणे सोडवून तोंडात टाकले, तशी मंगळीबाई उठली, चपला घातल्या आणि बाजाराच्या दिशेने चालायला लागली. टिकली आरशावरच होती. त्या दिवशी बापूंनी ती लगेच परत लावली होती. कणीस अजून कोमट होतं आणि गोड होतं. मी पायरीवर बसले आणि या वेळी पूर्ण खाल्लं.